चालू मागांपुढचा सराव

५ जानेवारी, रविवार

चार वेळा बोलून झालं. बावीस मिनिटं चाळीस सेकंद. वीसच्या आत हवं. निपाणीच्या व्याख्यानमालेला तेरा दिवस राहिले. विषय – 'मुलींनी यंत्राला हात लावावा'. गावोगावी व्याख्यानं ठेवणाऱ्या कोल्हापूरच्या एका संस्थेचे लोक ऐकायला येणार आहेत. त्यांना पटलं तर वर्षभराच्या व्याख्यात्यांत नाव येईल आणि कारखान्यातली तपासणीची नोकरी सोडता येईल. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सराव नेहमीसारखा आमच्या वडगावच्या शेडमध्ये, चारही यंत्रमाग चालू असताना. मला माझाच आवाज ऐकू येत नाही. आई तिच्या मागापाशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघते. 'हितं मला कळलं तर सभंत शेवटच्या बाईला कळंल' – हा तिचा नियम. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझा एकही शब्द मागे पोचला नव्हता, तेव्हापासूनचा. मागावरच्या बायका ओठ वाचतात. आई आणि पलीकडच्या मागावरची रूपाली दिवसभर अशाच बोलतात, आवाज न काढता. मला ते कधी जमलं नाही.

आज म्हणाली, 'वाक्याचं शेपूट खातीस. दमतीस काय?' मग माझं तिसरं उदाहरण जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला. कॉलरला लावलेल्या माइकवरचं रेकॉर्डिंग तपासलं. चूक माझी होती.

८ जानेवारी

एकोणीस पन्नास. जबडा दुखतो. कारखान्यात दिवसभर कुणाशी बोलले नाही.

१२ जानेवारी, रविवार

आईने सुरुवातच काढून टाकायला सांगितली. 'पयलं पानभर तू लई शानी हाईस एवढंच सांगतीस. बायका उठून जातील.' रूपाली तिकडून हसली – म्हणजे तिलाही कळलं होतं. राग आला. दुपारी सुरुवात काढली. भाषण उभं राहिलं. आईला तसं सांगितलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

निपाणी. हॉल भरलेला. अठरा पंचावन्न. एकदाही अडले नाही! शेवटच्या रांगेतली एक बाई मान हलवत होती.

१९ जानेवारी, रविवार

काल सगळं लिहिलं नाही.

भाषणानंतर व्यासपीठावर शेजारी कोल्हापूरचे महादेव सर होते. निवड तेच करतात. आभार चालू असताना वाकून म्हणाले, 'तयारी कोण करून घेतं तुमची?' म्हटलं, 'कुणी नाही. मीच.' मग – 'त्या तिसऱ्या रांगेतल्या कोण? केव्हाच्या तुमच्याकडंच बघताहेत.' म्हटलं, 'आई. तिला यातलं काही कळत नाही. सोबत म्हणून येते.'

का म्हटलं, ते माहीत आहे. यंत्रावर काम करणाऱ्या बाईची थोरवी अर्धा हॉल हलेल अशी सांगून झाली होती. पण मला बोलायला शिकवलं ते मागावरच्या चौथी पास बाईने, हे सांगायची लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.

२३ जानेवारी

सरांचा फोन. दोन तारखेला कोल्हापुरात एकदा बोलायचं, मग निर्णय. आई भाकरी थापत होती. म्हटलं, रविवारी सराव घेऊ.

'मी कशाला? मला त्यातलं काय कळतंय?'

आवाज साधाच होता. तव्यावरची भाकरी उलटली, पुढची थापायला घेतली.

२४ जानेवारी

माइक बंद होता. अंतर साधारण तीस फूट. मी हळू बोलले होते, म्हणून निर्धास्त होते. फक्त आवाजाचा हिशोब केला, ओठांचा नाही. तोंड दिव्यांच्या उजेडात होतं. आणि प्रत्येक शब्द शेवटपर्यंत पुरा म्हटला होता, कारण आता मी तशीच बोलते.

२६ जानेवारी, रविवार

घरात आरशापुढे सराव. वीस मिनिटं दहा. वाक्याचं शेपूट कुठे खाल्लं ते सांगणारं कुणी नाही.

रूपाली वाटेत भेटली. 'तुझ्या आईला काय झालंय गं सुवर्णा? आठवडाभर त्वांड उघडंना. मी एकटीच किती बडबडू?'

संध्याकाळी आईची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. 'व्हय. जेव आता,' म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार

कोल्हापूर. आई आली नाही. 'मागावरची साडी उतरवायची हाय.' मी एकोणीस मिनिटं बोलले. तिसऱ्या रांगेत एक माणूस फोन बघत होता. टाळ्या आल्या, बऱ्याच.

६ फेब्रुवारी

निवड झाली. वर्षाला चोवीस व्याख्यानं. सांगायला शेडमध्ये गेले. माग चालू होते. आईपुढे उभी राहून म्हटलं, 'झालं आई.' तिने माझ्याकडे पाहिलं. तुझ्यामुळे झालं, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने माझ्या ओठांवरची नजर काढली आणि धागा तुटल्यावर बघते तशी मान खाली घालून कापडाकडे बघायला सुरुवात केली.

धागा तुटलेला नव्हता.