भोंग्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याबाबत

प्रति,
मा. अभियंता साहेब,
नदीकाठ सूचना कक्ष, बावधन.

विषय: पाणी सोडतानाचा भोंगा बावधनहून लावल्यास अडकून राहतो, याबाबत.
संदर्भ: आपले परिपत्रक, 'विचारल्याशिवाय भोंगा वाजवू नये'.

महोदय,

मी आपल्या कक्षातील कंत्राटी ऑपरेटर. नदीत पाणी सोडण्याआधी रिहे खोऱ्यातला भोंगा वाजवणे हे माझे काम. पूर्वी मी आमच्या वाडीतल्या भोंग्याच्या खोलीतच बसत असे. यंदा त्या खोलीला कुलूप लावून मला बावधनला आणले. आता इथून कमांड दिली की तिथल्या सर्व्हरवर स्क्रिप्ट, म्हणजे भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम, सुरू होते आणि तशीच अडकून राहते. चूकही दाखवत नाही, बंदही पडत नाही.

तक्रार केल्यावर आपल्या कक्षातले संगणक पाहणारे अमोघ साहेब स्वतः वाडीला गेले. कुलूप काढून सर्व्हरसमोर बसले आणि भोंगा खणखणीत वाजला. तक्रार निकाली. मी सोबत होते म्हणून मला दिसले: स्क्रीनवर स्क्रिप्टने 'नक्की वाजवू का?' असे विचारले आणि साहेबांनी सवयीने 'हो' दाबले. इथून चालवली की हाच प्रश्न ती बंद खोलीत विचारते. तिथे उत्तर द्यायला पालीशिवाय कोणी नाही.

मागे पाहुण्यांच्या सत्कारात भोंगा चुकून वाजला, तेव्हा आपण वरील परिपत्रक काढले आणि ठेकेदाराने हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये घातला. ती बिचारी आपलाच हुकूम पाळते आहे. प्रश्न काढायला आपली सही लागते. फाईलची चौकशी केली की उत्तर मिळते, 'साहेबांना विचारून सांगतो.'

गेल्या सोमवारी मी कमांड दिली. भोंगा वाजला नाही, पाणी मात्र सुटले. माझ्या सासूबाई सारजाबाई नदीपात्रात शेळ्या चारत होत्या. फोन लावला, तर तो घरातच वाजत राहिला. करंजाच्या झाडाला धरून त्या वाचल्या, शेळ्या गेल्या. घरी पोचले तर म्हणाल्या, "आगं, तू हुतीस ना तितं? मग वाजला का न्हाई?" साहेब, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आणि खरे सांगते, आपला रागही आला.

परवा पुन्हा पाणी सुटणार आहे. नंतर चौकशी समिती नेमणे म्हणजे वरातीमागून घोडे. प्रश्न काढावा, नाहीतर खोलीची किल्ली द्यावी. सारजाबाई स्वतः तिथे बसून बटण दाबायला तयार आहेत.

सोमवारची स्क्रिप्ट अजून चालूच आहे. अजून विचारतेच आहे. मला अधिकार नाही, तरी तिचे उत्तर मी इथे लेखी देते: हो. वाजव.

आपली नम्र, पण घाबरलेली,
रेश्मा किशोर मरगळे
ता. मुळशी, जि. पुणे
दि. २१ ऑगस्ट २०२५