बेल वाजल्यावर उठायचं कुणी

सोमवार, ३ मार्च

मिळाली! माझी एकटीची पहिली केस!

सकाळी सरांनी हाक मारली आणि म्हणाले, शिट्टी बिघडलीय, तू जाऊन बघ. शिट्टी आणि बिघडली? आमच्या केंद्रातून बाहेर पडलेली सगळ्यात हुशार कुत्री ती! ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आम्ही कुत्री तयार करतो — बेल वाजली, किटली वाजली, की मालकाच्या गुडघ्याला नाक लावायचं आणि त्याला आवाजापाशी घेऊन जायचं. केंद्रात शिट्टी एकदाही चुकली नव्हती. गेल्या वर्षी ती एका टेलरताईंच्या घरी गेली, आणि आता म्हणे बेल वाजली तरी नुसती लोळत असते.

ताईंना सातवा महिना लागलाय. नवरा ट्रकवर, आठवडा-आठवडा बाहेर. बाळ रडलं आणि ही उठलीच नाही तर? सर म्हणाले, नाहीच जमलं तर परत घेऊन ये, दुसरी तयार व्हायला वर्ष लागेल. बाळ काय वर्षभर थांबणार आहे!

मंगळवार, ४ मार्च

पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खाली कापडाच्या चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगावर शिट्टी. मला बघून नाचली, अंगावर आली, चेहरा चाटून ओला केला. मग मी बाहेर जाऊन बेल वाजवली आणि खिडकीतून बघत राहिले.

कुठलं काय! एक कान टवकारला. मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून ताईंच्या सासूबाई — सगळे त्यांना आजीच म्हणतात — हात पुसत आल्या, दार उघडलं. शिट्टीने मान परत पंजांवर टाकली. ताई मशीनवरून माझ्याकडे बघत होत्या. हातांनीच म्हणाल्या, बघितलंस ना?

पुन्हा पुन्हा वाजवली, दर वेळी तेच. शेवटी समोरच्या काकांनी दार उघडून विचारलं, तुम्हाला घरात घेत नाहीत का?

त्याच दिवशी, घरी येताना बसमध्ये

थांब थांब — ती स्वयंपाकघराकडे बघते! म्हणजे बेल तिला चांगली ऐकू येते. ती आजींची वाट बघते! बेल वाजली की आजी उठतात, काम होतं, मग आपण कशाला हला? शिट्टी काहीही विसरलेली नाही. घरात येऊन नवं शिकलीय, आणि तेही अगदी पक्कं! स्टॉप चुकला माझा, दोन स्टॉप उलटी चालत आले. चालेल!

बुधवार, ५ मार्च

आजींना सांगितलं, बेल वाजली तरी जागचं हलायचं नाही. त्या बरं म्हणाल्या. मी बाहेर जाऊन बटण दाबलं — दार उघडलं, समोर आजी. तीन वेळा तसंच. मला हसू आवरेना.

मग त्या हळूच म्हणाल्या, "माझे पायच उठतात गं. ही लग्न होऊन आली तेव्हापासून हिचे कान मीच आहे."

हसू तिथेच विरलं. कुत्री येऊन यांच्या जागेवर बसली, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चहा पिऊन निघून आले.

शनिवार, ८ मार्च

ताईंनीच सोडवलं!

आजींना समोर बसवलं आणि हातांनी बराच वेळ काही सांगत राहिल्या. इतकं भराभर की मला धड अर्धंही कळलं नाही. काय म्हणाल्या, मी आजींना विचारलं. आजींनी आधी डोळे टिपले, मग सांगितलं, "म्हणते, बाळ तुम्ही घ्या. बेल मला द्या."

आणि उठून चपला घालून त्या समोरच्या काकांकडे जाऊन बसल्या.

मी बेल वाजवली. शिट्टीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. कुणी नाही. पुन्हा वाजवली. ती उठली, रिकाम्या स्वयंपाकघरात डोकावून आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली. मी श्वास रोखून खिडकीशी! मग टुकूटुकू चालत गेली आणि ताईंच्या गुडघ्याला नाक लावलं. ताईंच्या हातातली कात्री खाली पडली. केवढ्या हसल्या! बक्षिसाचा चिकनचा तुकडा मी दिला नाही. तो ताईंच्याच हातून जायला हवा होता.

गुरुवार, १३ मार्च

बेल, किटली, फोन — सगळं जमतंय, आणि आजी घरात असताना! आजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, परीक्षेला बसल्यासारख्या.

रविवार, २३ मार्च

आता बाळाचं रडणं. रिकाम्या पाळण्यात फोन ठेवून रडणं लावलं. शिट्टीने फोन चाटून साफ केला! पण तिसऱ्या खेपेला ताईंना बोलावून आणलं. मग पाळणा पुढच्या खोलीत, मग आतल्या. एकाच जागी शिकवलं तर ती फक्त ती जागाच शिकते. आमचं केंद्रातही तेच चुकत होतं, सरांना सांगणार आहे मी.

आजी तर आता माझ्याही वरचढ! उगाच कोथिंबिरीला म्हणून बाहेर पडतात आणि वाटेल तेव्हा परत येऊन बेल वाजवतात. आत येताना चेहरा असा, जशा काही पाहुण्याच.

शुक्रवार, ११ एप्रिल

सर स्वतः येऊन बघून गेले. पास! जाताना म्हणाले, इथून पुढे प्रत्येक कुत्र्याच्या शिक्षणाचा शेवटचा महिना मालकाच्या घरी. मी जिन्यात उडी मारली.

मंगळवार, २० मे

मुलगी झाली! ताईंच्या नवऱ्याचा फोन. ट्रक सोडून वेळेवर पोचला.

सोमवार, २६ मे

बाळ घरी आलं. पहिल्यांदा रडलं तेव्हा ताई मशीनपाशी, आजी पाळण्याशेजारीच. आजी हलल्या नाहीत. शिट्टी धावली!

शनिवार, ३१ मे

बाळाच्या कानांची तपासणी झाली. तिलाही ऐकू येत नाही. नवऱ्याने जिन्यातच सांगितलं, पाठमोरा उभा राहून. काय बोलायचं ते मनात जुळवत मी आत गेले. ताई पाळण्यावर वाकल्या होत्या. बाळाच्या डोळ्यांसमोर हात हलवत एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि चेहरा नुसता उजळलेला. मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "म्हणतेय, माझ्या भाषेत बोलणारं कुणीतरी घरात आलं."