हैदराबादचं मावंदं

१९ जाने., सोम.
ठरलं एकदाचं. गिरणीवरच ठरलं. दळणाला आलेल्या बायांसमोर सांगून टाकलं: हैदराबाद. चार दिवस. देवदर्शन नाही, नवस नाही, नुसतं शहर बघायचं. आजवर आम्ही गावाबाहेर पडलो ते देवाच्या नावानं, नाहीतर कुणाच्या तरी मातीला. शेजारची सिंधू हसायलाच लागली. म्हणाली, "मंदावैनी, नुसतं बघायला? आन मंग घरी काय सांगायचं?" म्हटलं, हेच सांगायचं.

अट माझी एकच. ड्रायव्हर सोडला तर बसमध्ये गडी माणूस नको. आमचे हे फुगले. "कावून? आमी काय वाट लावतो का तुमची?" हो, लावता. मागं अक्कलकोटला गडी बरोबर होते, तर अर्धा दिवस त्यांच्या चहातच गेला.

२१ जाने., बुध.
आबांनी पारावर बोलावलं. आबा म्हणजे यांचे चुलते. गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. तासभर घासाघीस. "देव न्हाई तर जायाचं कशाला?" हेच पालुपद. मीही हटले नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली: आमच्या सासूबाई बरोबर जाणार. "वैनी येऊन सांगतील तसं पुढचं. त्या न्हाई म्हणल्या की ही पहिली आन शेवटची."

म्हणजे सगळं आत्याबाईंच्या, सासूबाईंच्या हातात. आणि आत्याबाई चार शब्द बोलल्या तर तिसऱ्या दिवशी पाचवा बोलणार. विचारलं, येणार ना? म्हणाल्या, "बघू."

पुढच्या वर्षी समुद्र बघायचा आहे आम्हाला. आमच्यातल्या एकीनंही बघितलेला नाही. आत्याबाई नाही म्हणाल्या तर समुद्र बुडाला.

४ फेब्रु., बुध.
धपाटे, दशम्या, शेंगाची चटणी. घरभर तेलाचा वास. आत्याबाईंची पिशवी भरून तयार. आत तांब्या, दोन पातळं, मिसरीची डबी. येणार की नाही, हे अजून तोंडानं सांगितलेलं नाही!

यांना गिरणी समजावून दिली. गिरणी यांच्या नावावर आहे, पण ती चालवते कोण, हे सगळ्या गावाला माहीत. ज्वारीनंतर गहू घेताना काय करायचं, तेही सांगावं लागलं.

५ फेब्रु., गुरु.
निघालो. आबा बसपर्यंत आले, चाकं बघितली, ड्रायव्हर इसाकभाईंना दम भरला आणि मगच गेले.

अंबाजोगाईपर्यंत सगळ्या पाहुण्यासारख्या गप्प. लातूर मागं पडलं तशा सैल झाल्या. गाणी सुरू. आधी भजन, मग ओव्या, मग लग्नातली, मग इथं लिहिण्यासारखी नाहीत ती. इसाकभाईंनी आपला टेप आपणहून बंद केला आणि आरसा वर करून टाकला.

संध्याकाळी पोचलो. लॉजवाला खोल्यांवरून घोळ घालायला लागला. मी हिंदीची जुळवाजुळव करतेय, तोवर नसीमभाभी पुढं. या आमच्या गावच्याच, वडगावच्या बाजारात नवऱ्याबरोबर फळांचा गाडा लावतात. गावात कधी आवाज नाही यांचा. इथं अशा काही बोलल्या की तो मालक "जी अम्मा, जी अम्मा" करत किल्ल्या घेऊन आला. बायांना गंमत वेगळीच: इथं पण "नक्को" म्हणतात, "कायकू" म्हणतात! सिंधू म्हणाली, "एवढ्या लांब आलो आन बोलणं तर नसीमभाभींच्या घरचंच की."

आत्याबाई: काही नाही. खिडकीतून रस्ता बघत बसल्या.

६ फेब्रु., शुक्र.
गोवळकोंडा. पाय गेले कामातून, पण चढले. आत्याबाईंचे गुडघे ऐकेनात, त्यांना खालच्या दरवाजाशीच बसवलं, सोबत नसीमभाभी. तिथं घुमटाखाली टाळी वाजवली की पार वर ऐकू जाते म्हणे. आम्ही वर पोचलो, धापा टाकतोय, तेवढ्यात टाळी. एक नाही, ताल धरून. भजनातली. सगळ्या एकदम म्हणाल्या, आत्याबाई! मी खाली फोन लावला. नसीमभाभी म्हणाल्या, "कबसे बजा रहे बुढी अम्मा. हाथ लाल हो गये." वरून आम्ही सगळ्यांनी मिळून टाळ्या दिल्या. त्या खाली पोचल्या का नाही, कुणास ठाऊक.

खाली आल्यावर विचारलं, कसं वाटलं आत्याबाई? "बरं हाय."

हे "बरं हाय" कोणत्या खात्यात धरायचं?

दुपारी यांचा फोन. गिरणीचा पट्टा सुटला. सांगितलं कसा बसवायचा ते. मग परत फोन. बसला. आवाजात इतका आनंद, जसं काही गड यांनीच जिंकला.

७ फेब्रु., शनि.
आज माझी मान खाली गेली आणि मग वर आली. दोन्ही लिहिते.

म्युझियम. तिकिटं काढून मी वळते तो काय, आमच्या सगळ्या बाया अनवाणी. चपला भिंतीशी ओळीनं लावलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मोठं दार, पायऱ्या, आत गारवा, दारात पोशाखातला माणूस. पाय आपोआप मोकळे झाले. तो दारावरचा माणूस आधी बघतच राहिला. मग म्हणाला, "अम्मा, ये मंदिर नहीं है. पहनो, पहनो." मागच्या रांगेत शहरातली पोरं फिदीफिदी हसली. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दातओठ खात म्हणाले, "घाला गं लवकर. लोक हसतेत." काहींनी घातल्या. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. सगळ्यांदेखत मला म्हणाल्या:

"बसमधी तूच सांगत व्हतीस ना, आत लोकांनी जलमभर खपून केलेल्या वस्तू हायेत म्हणून?"

"हो, पण आत्याबाई…"

"मंग तिथं पायताण घालून कसं जायाचं?"

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. नसीमभाभी त्या माणसाला म्हणाल्या, "हमारी मर्जी है भैया, फर्श खराब नहीं होता." घातलेल्यांनी पुन्हा काढल्या. सगळ्यांत शेवटी मी काढली. हो, माझीच तेवढी पायात होती.

आत एक संगमरवरी बाई आहे. तोंडावर पदर, तोही दगडाचाच, आणि त्या दगडातून तिचं तोंड दिसतं. आम्ही सगळ्या थिजलो. आत्याबाईंनी हात जोडले नाहीत. किती तरी वेळ बघितलं आणि मग स्वतःच्या डोक्यावरचा पदर नीट केला. पाठीमागून गर्दी ढकलत होती. मी मध्ये हात घालून गर्दी अडवून धरली. बघू दे म्हातारीला.

देव नको म्हणून मी पारावर भांडून आले. माझ्या बायांनी देव आणला नाही. पण बघायचं कसं, ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. इतका अभिमान वाटला की ती हसणारी पोरं पुढच्या दालनात भेटली तेव्हा मीच त्यांना म्हटलं, आता घ्या फोटो, सगळ्यांचा. घेतला बिचाऱ्यांनी. पाठवलाही.

चारमिनारला बांगड्या. दुकानदारानं विचारलं, कुठल्या? बीडच्या. "बीड? वो तो अपनाच जिला था." त्यावर आत्याबाई: "व्हता. आता आमचा हाय." दुकानदार असा हसला की बांगड्यांचा भाव आपोआप उतरला.

८ फेब्रु., रवि.
सकाळी तलावात नाव. सिंधू नावेच्या काठाला चिकटून, डोळे मिटून. म्हणे समुद्राची सवय करते. टेकडीवर पांढरं देऊळ दिसत होतं. उतरल्यावर दोघीतिघींची चुळबुळ सुरू झाली, जाता जाता घेऊ का? मी म्हटलं, माझी ना नाही, हात वर करा. सगळ्या आत्याबाईंकडे बघायला लागल्या. त्यांनी तिथूनच नमस्कार केला आणि बसमध्ये जाऊन बसल्या. झालं.

परतीला बीदरच्या पुढं सिंधूला राहवलं नाही. सरळ विचारलं, "आत्याबाई, आबांना काय सांगणार?" इसाकभाईंचा पायसुद्धा हलका झाला वाटतं. आत्याबाई म्हणाल्या, "उद्याचं उद्या." मग डोळे मिटले. झोपल्या नव्हत्या, मला कळतं.

एकही बाई आजारी नाही, हरवली नाही, भांडली नाही. (दोघी भांडल्या, पण लातूरच्या अलीकडं मिटलं.)

९ फेब्रु., सोम.
आबा सकाळीच हजर. पाठोपाठ निम्मा पार. मी चहा ठेवला. आबांनी विचारलं, "मंग वैनी? काय म्हणता?"

आत्याबाई म्हणाल्या, "मावंदं करा."

कुणाला काही कळेना. काशी करून आलं की गाव जेवू घालायचं, यात्रेला गेलेल्यांच्या पाया पडायचं, ते मावंदं. आबा हसले. "हैदराबादचं मावंदं? तिथं कोन्चा देव बघितला?"

"बाया गेलत्या, धडपणी आल्या. काशीला जाऊन तरी आणखी काय व्हतंय?"

चहा उतू गेला.

समुद्राचं काहीच नाही.

१० फेब्रु., मंगळ.
गावात हाच विषय. मावंद्याला गंगा पुजतात, चौरंगावर तांब्याचा गडू ठेवून. आम्ही काय ठेवायचं? सिंधू म्हणते, चारमिनारचा फोटो. नसीमभाभी इतक्या हसल्या की सफरचंदं सांडली. गुरुजींना फोन केला, ते म्हणाले असलं कुठं शास्त्रात नाही. आत्याबाईंना सांगितलं. "मंग त्यांना नुसतं जेवायला बोलीव."

१२ फेब्रु., गुरु.
दमले आहे, पण लिहिल्याशिवाय उठायची नाही.

मांडव घातला. चौरंग मोकळाच ठेवला, भोवती रांगोळी. आत्याबाईंनी गेलेल्या सगळ्या बायांची पहिली पंगत बसवली. वाढायला गडी. आबांच्या हातात भाताचं घमेलं, यांच्याकडं वरणाची बादली. यांनी माझ्या पानात वरण ओतलं ते भाताला सोडून. नसीमभाभींचा नवरा लिंबाच्या फोडी वाटत होता.

वदनी कवळ म्हणणार, तेवढ्यात आत्याबाई तांब्या आणि परात घेऊन माझ्यासमोर आल्या. खाली बसायला त्यांना किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे. बसल्या. परात सरकवली. "पाय दे."

मी पाय ओढून घेतले. सासूनं सुनेचे पाय धुवायचे? गावासमोर? म्हटलं, आत्याबाई, पाप लावता का मला.

"यात्रेला नेणाऱ्याचे पाय धुतेत. मला आजवर कुणी काय बघायला नेलं व्हतं? दे."

दिले. पाणी गार होतं. रडू आलं, आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही. सगळ्या बाया रडत होत्या. हे बादली धरून तसेच उभे, आणि यांचेही डोळे… लिहीत नाही, वाचतील कधीतरी.

मग आबांनी घमेलं खाली ठेवलं. घसा खाकरून म्हणाले, "वैनी, आता सगळ्यांसमोर सांगून टाका. फुडच्या साली समुद्राला जाऊ द्यायचं का न्हाई?"

आत्याबाई पदरानं माझे पाय पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कावून इचारता? हिला इचारा."

अख्खा मांडव माझ्याकडं बघायला लागला. कसंबसं म्हटलं, आधी पंगत उठू द्या.