खुर्चीतला नवरा आणि संस्कृतींची देवाणघेवाण

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला काय म्हणतो? इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे तुझ्या भावजयीचे ठीक आहे. माझे काय झाले ते सांगायलाच हे पत्र.

आमच्या कलामंडळाच्या अध्यक्षांना (तेच ते फरशीविक्रेते, भाषण करताना टाचा उचलणारे) यंदा संस्कृतींची देवाणघेवाण करायचा झटका आला. आफ्रिकेतून आजच्या काळातली नाटके करणारी एक बाई पाहुणी म्हणून यायची ठरली. लगेच मंडळाने पुठ्ठ्याचा सिंह करवून घेतला आणि रंगमंचाच्या कडेला गवत लावले. आफ्रिका म्हणजे एक मोठे गाव आणि तिथे सकाळ-संध्याकाळ ढोल वाजतात, एवढाच या विद्वानांचा अभ्यास. बाई उतरली ती चौकड्याच्या शर्टात. मोठ्या शहरातली, स्वतःची नाटक कंपनी चालवणारी. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न केला, "ढोल मागच्या गाडीने येताहेत का?" ती म्हणाली, "मला ढोल वाजवता येत नाही. तुम्हाला येतो?" अध्यक्षांनी उचललेल्या टाचा खाली टेकवल्या आणि तिला सिंह दाखवायला नेले.

तिला ठेवायचे कुठे, तर आमच्याकडे. कारण मंडळाचा चिटणीस मी आणि मागची खोली रिकामी. आता तिचे नाटक म्हणजे काय म्हणशील? घरोघरची भांडणे. बायका नवऱ्यांना काय बोलतात ते ही गोळा करते आणि रंगमंचावर आणते. (याला कला म्हणायचे तर आपल्या आईला केवढा मान मिळायला हवा होता.) तिने तुझ्या भावजयीला विचारले, तुमच्याकडे नवऱ्याला कसे बोलतात? विचारायचा अवकाश. दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास बसू लागल्या, मोडक्या इंग्रजीत आणि पुष्कळशा हातवाऱ्यांत. मी चहा मागायला गेलो की पाहुणी मला निरखून पाही. मला वाटले, माझ्याबद्दलचा आदर वाढतो आहे.

प्रयोगाच्या दिवशी सिंह विंगेत गेला. रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीत नवरा म्हणून एक उशी, आणि दोन बाजूंना या दोघी. एक तिच्या भाषेत उशीला झापते, दुसरी आपल्या. "गॅस बंद करा म्हटलं तर विचारतात, कुठला गॅस? घरात एकच आहे. लग्न झाल्यापासून तोच आहे." ताई, 'कुठला गॅस' हे वाक्य माझे आहे. मग पाहुणीने तिच्याकडचा नवरा ऐकवला. एक अक्षर कळत नव्हते आणि सगळे कळत होते. बायका डोळे पुसत हसत होत्या. अध्यक्षीणबाईंनी तर जागेवरून उठून स्वतःचे चार शब्द उशीला सुनावले. मी पहिल्या रांगेत होतो. लोक उशीपेक्षा माझ्याकडेच जास्त पाहत होते.

शेवटी तुझ्या भावजयीने ती उशी उचलली, झटकली, नीट करून परत खुर्चीत ठेवली आणि खुर्चीच्या पायाशी बसून राहिली. पाहुणीही बसली. मी चष्मा काढून पुसला, पण तो घामामुळे; तिथे पंखेच बंद होते.

तर अशी ही देवाणघेवाण. हिने दिले, तिने घेतले, आणि मधल्या मध्ये अब्रू गेली माझी. वर्तमानपत्रात फोटो आला तो अध्यक्षांचा, सिंहाच्या गळ्यात हात टाकलेला. असल्या थिल्लर प्रकारांशी माझा यापुढे काडीचा संबंध नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पाहुणीने हा प्रयोग तिच्या शहरात बोलावला आहे. तुझी भावजय निघाली आहे. मी कशाला अडवू?

आणखी एक ता. क. : तिकडे उशीऐवजी जिवंत नवरा बसवायचा आहे. संवाद नाहीत, नुसते बसायचे. तुझ्या भावजयीच्या मते शेजारचे दातांचे डॉक्टर जास्त चांगले बसतात. मी म्हणे मध्येच उत्तर द्यायला तोंड उघडतो. तरी तू आजच्या आज तिला लिही की मी लहानपणापासून एकदा बसलो की उठत नसे आणि कोणाचे काही ऐकत नसे. तुझा शब्द ती मोडणार नाही.