कंसमुक्त वॉशिंग मशीन

३ मार्च, सोमवार
आमचा टीमलीड नोकरी सोडतोय. खुद्द साहेबांनी दुजोरा दिला, तोही लिफ्टमध्ये, म्हणजे पक्कं. जागा मलाच मिळणार. वॉशिंग मशीनचा प्रोग्राम मी लिहितो. कधी फिरायचं, कधी थांबायचं, सगळं माझ्या हुकमावर. शुक्रवारी गिऱ्हाइकापुढे डेमो. तोवर कोड असा देखणा करायचा की साहेबांनी बघतच राहावं.
बायको म्हणाली, "अहो, साहेब तुमच्याशी बोलले, की तुम्ही नुसते लिफ्टमध्ये होतात?" तपशिलात शिरलो नाही.

४ मार्च
संकल्प: कोडमधले फालतू कंस काढणे. गणितात बेरजेआधी गुणाकार, तसा प्रोग्रामिंगमध्येही चिन्हांचा मानपान ठरलेला असतो. कोण आधी, कोण नंतर, तो तक्ता मला तोंडपाठ आहे. ज्याला नाही त्याने कंसांच्या कुबड्या घ्याव्यात.
माझं काम तपासणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या, "राहू द्या ना कंस, सर. खायला मागतात का?" मी नुसता हसलो. लीडने हसावं तसा.

५ मार्च
तक्त्यातल्या मधल्या ओळी किंचित पुसट आठवतात. बघून घ्यावं का? पण तोंडपाठ गोष्ट बघायची म्हणजे स्वतःवर अविश्वास. नाही बघितलं.

६ मार्च, संध्याकाळ
कंस संपले. कोड कसा तुळतुळीत दिसतोय! मशीन लावलं, झकास फिरलं. बाईंनी विचारलं, "दार उघडं ठेवून पाहिलंत? तेव्हा सुरू व्हायला नको." म्हटलं, बाई, दार उघडं ठेवून कपडे कोण धुतं? बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार
डेमो झाला. म्हणजे, झाला एकदाचा. साहेबांनी मशीनचं दार सताड उघडलं, "आता हे सुरूच होणार नाही, बघा" म्हणत बटण दाबलं आणि ते आत डोकावले. ड्रमने आधी साहेबांना भिजवलं, मग वेग घेऊन गिऱ्हाइकाला.
बाईंनी चूक उभ्या उभ्या सांगितली. मशीनने आधी दाराकडून आलेली खूण वाचायची, मग ती 'बंद'शी जुळते का बघायचं. मी कंस काढल्यावर तुलनेला, म्हणजे जुळवून बघण्याला, पहिला मान मिळाला. मशीनने दाराकडे न बघताच 'बंद म्हणजे बंदच ना?' असं स्वतःलाच विचारलं, स्वतःच 'हो' म्हणालं आणि लागलं फिरायला.
मी म्हटलं, हा तक्ता करणाऱ्याचा दोष. साहेब टॉवेल मागत होते.

८ मार्च
टीमलीड: टेस्टरबाई. मला वाईट वाटलं नाही (दुपारी थोडं वाटलं). बायकोने टोमणा न मारता चहा पुढे ठेवला; ते जास्त लागलं.
बाईंचा पहिला हुकूम: सगळे कंस परत घालायचे, मीच. जोखमीचं काम आहे, कोणालाही देत नाहीत. सोमवारी त्या दार उघडं ठेवून चाचणी घेणार. साहेबही येणार आहेत. मात्र काचेपलीकडे उभे राहतील, असं त्यांनी कळवलंय.