पाळणीतली गोळी

बा, आज ५ मार्च, गुरुवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. मी अंगणात सावलीला बसून पोटऱ्यांवरचे पिठाचे पांढरे ठिपके ओल्या फडक्यानं पुसतोय आणि ते निघत नाहीत. आई चुलीजवळून हसतेय. म्हणते, "ऱ्हाऊ दे की दोन दिवस. गावाला कळू दे, बुध्या कोण होता ते."

तुझी मानता फिटली, बा. पोरगा बरा झाला तर होळीत अंग रंगवून, बुध्या होऊन नाचेन, असा नवस तू बोललास तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. दहावी अर्धी टाकून घरी बसलो होतो आणि छपरातून कुणीतरी मला शिव्या देतंय म्हणून कानात कापूस कोंबत होतो. तू आधी मला बडव्याकडे झाडफुंकीला नेलंस, मग जीपमध्ये दोन माणसांच्या मध्ये बसवून नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात. परत येताना मी गोळी जिभेखाली दाबून खिडकीतून थुंकली. तू जीप थांबवलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "मी जमीन गहाण ठेवीन, बैल विकीन, पण ही थुंकलेली मला चालणार नाही." आणि वाटेतल्या बाजारात मला निळ्या पट्ट्याचं घड्याळ घेऊन दिलंस. रात्रीचे आठ वाजले की गोळी. पुढच्या पावसाळ्यात तू गेलास. आपल्यात बापाची मानता पोराच्या अंगावर येते, तशी ती माझ्यावर आली.

गोळीनं छपरातला माणूस गप्प झाला, पण तिनं माझ्याकडून आपलं भाडं घेतलं. पहिल्या महिन्यांत मान लाकडासारखी ताठ, हात असे थरथरायचे की गिरणीत कामाला होतो तिथं पिठाचं माप धरलं की अर्धं पीठ माझ्याच पायावर. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळी थोडी कमी केली, थरथरीसाठी दुसरी दिली आणि बजावलं, की जे होईल ते मला सांगायचं, स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. तरी दोन वर्षांपूर्वी मी बंद केली. नाचण्याआधीची पाळणी धरायची होती. पाळणीत बुध्यानं खाटेवर झोपायचं नाही, चपला घालायच्या नाहीत, स्वतः रांधून खायचं. आणि कुणीतरी म्हणालं, बाहेरचं औषध पोटात गेलं तर पाळणी मोडते. होळीआधीच छपरातला माणूस परत आला. ती होळी मी दवाखान्याच्या खाटेवर काढली.

म्हणून यंदा पेच होता. गोळी घेतली तर तुझी मानता बाटणार, नाही घेतली तर मीच राहणार नाही. महिन्याभरापूर्वी तपासणीला गेलो, बाकावर बसलो आणि पाय हलायला लागले. थांबवले की आतून मुंग्या. शहाद्याकडचा एक वॉर्डबॉय आहे, सगळ्यांना हसवतो. म्हणाला, "काय भो, आत्तेच नाचाले लागना का? होळीले अजून टाईम शे!" सगळा बाक हसला. मीही हसलो, पण आत गेल्यावर बाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललास. ही घाबरल्याची चुळबुळ नाही, गोळीनं होते." त्यांनी गोळी बदलून दिली, वजन केलं, साखरेसाठी रक्त घेतलं. मग मी भीत भीत नाचायचं विचारलं. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "नाच की! पण आठला गोळी, रात्री झोप, उन्हात पाणी पीत राहा, बसल्यावर झटकन उठू नको, चक्कर येईल. आणि मोहाच्या दारूचा एक थेंबही नाही." एखाद्या दिवशी विसरलोच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ का, हेही विचारलं. "दोन कधीच नाही," म्हणाल्या.

राहिला गावचा पुजारा. पाळणी मोडली की नाही ते तोच ठरवतो. आई आणि मी त्याच्या अंगणात गेलो. मी गोळ्यांची पट्टी त्याच्यासमोर ठेवली आणि एका दमात सगळं बोललो, छपरातल्या माणसासकट. म्हाताऱ्यानं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. मग बंडीच्या खिशातून स्वतःची पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली.

"ही बीपीची. ही खाऊन मी होळी पेटवतो. देवानं आजवर विचारलं नाही."

आई म्हणाली, "काका, मग हे आधी का नाही सांगितलं? पोरगं दवाखान्यात पडलं की!"

"मला विचारलं कुणी? मीच लपवून खातो, नाहीतर पाळणी मोडली म्हणून घरची म्हातारी बोंब मारते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रात्री घरी झोप. पहाटे होळीच्या वेळी ये. आणि दारूचं काय म्हणाली ती बाई?"

"एक थेंबही नाही."

"तुझ्या वाटची धरतीला सांडू. उरली तर मी आहे."

"तुम्हालाही नसेल चालत," आई म्हणाली, आणि म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

तसंच केलं. परवा रात्री आठला भाकरी, गोळी, जमिनीवर गोधडी. काल पहाटे भावकीतल्या पोरांनी मला रंगवलं, कमरेला तू ठेवून गेलेलेच भोपळे बांधले, डोक्यावर बांबूचा टोप चढवला. ढोल वाजला. पहिल्या फेरीत मी हात बघत होतो, थरथरतात का. दुसऱ्या फेरीत पाय. मग बघायचं राहूनच गेलं. ऊन चढेपर्यंत नाचलो. मध्ये मध्ये आई गर्दीतून घुसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होती आणि ओरडत होती, "हळू बस, हळू ऊठ!" लोकांना वाटलं, तीही पाळणीतलीच रीत आहे. एकीनं आपल्या पोरालाही तसंच बसवलं-उठवलं.

बरा झालास का, असं तू विचारशील. गोळी चालूच राहील, बाई म्हणाल्या. मला त्याचं काही वाटत नाही. हा कागद मी कुठं टाकणार नाही, तुझा पत्ता कुणाकडे आहे? म्हणून खरं ते लिहितो. मानता तुझी होती, आणि मी तुझ्यासाठीच नाचायला उभा राहिलो होतो. पण ढोल रंगात आला तेव्हापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत मला तू एकदाही आठवला नाहीस.