रुईची गाठ

९ जानेवारी १९५२
उमरग्याहून निघालेली मोटार वाटेत बंद पडली, सगळ्यांनी उतरून ढकलली, तरी माझा हुरूप काही कमी झाला नाही. कंपौंडरची परीक्षा पास झाल्यावरची ही पहिलीच नोकरी. खजुरीच्या अलीकडं, आळंदच्या रस्त्याला ही जिनिंग फॅक्टरी आहे. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि लॉरीनं सोलापूरच्या गिरण्यांना धाडायच्या. दवाखान्याची खोली लहान, पण चुना मारलेली, उजेडाची. मालक शिवशंकरप्पा स्वतः दाराशी आले. कपाळावर विभूती, बोलणं लोण्यासारखं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही घालून जेवू घातलं. मी उदगीरकडचा म्हणून चौकशी केली. डोक्यात, भुवयांत रुई अडकलेल्या बायका खिडकीतून मला बघून हसत होत्या. आईला कळवायला हवं, की लेक चांगल्या ठिकाणी पडला.

१३ जानेवारी
आज गुंडप्पा मिस्त्रीनं कारखाना दाखवला. एकच इंजिन, आणि त्याच्यावर पट्ट्यांनी फिरणारी सगळी यंत्रं. चामड्याचा रूळ फिरतो, त्याला लागून पोलादी पातं. रुई पुढं येते, सरकी खाली पडते. एखादं यंत्र साफ करायचं तर इंजिन थांबवत नाहीत. त्या यंत्राचा पट्टा लाकडी काट्यानं शेजारच्या मोकळ्या चाकावर सरकवतात. यंत्र थांबतं, बाकीची चालूच. पट्टा आपोआप परत सरकला तर, असं मी विचारलं. सरकतो की कधीमधी, म्हणूनच तर मालकानं तुम्हाला ठेवलंय, असं म्हणून तो पोट धरून हसला. मीही हसलो. संध्याकाळी कपाट लावताना तेलकट फडक्यात गुंडाळलेली करवत सापडली. एवढ्याशा दवाखान्यात हिचं काय काम, कळलं नाही.

१७ जानेवारी
यंत्रांना तेल घालणारा अमृतप्पा माझा मित्रच झालाय. मूळचा मुडबीचा. टाचेच्या भेगांना मलम न्यायला येतो आणि माझ्या उदगिरी बोलण्याची नक्कल करून जातो. आज उपरण्यात बांधून गरम हुरडा घेऊन आला. त्याची बायको जगदेवी इथंच एका यंत्रावर कापूस घालते. ती लांबूनच ओरडली, की माझ्या वाटचाबी त्यांनाच चारा आता!

२१ जानेवारी
लिहितो. लिहिलं नाही तर झोप येणार नाही.
दुपारी अमृतप्पा पात्यातली घाण काढत होता. पट्टा सरकला. हात कोपरापर्यंत आत ओढला गेला. मी धावलो. इंजिन थांबवा, यंत्र खोला, म्हणून ओरडलो. गुंडप्पा म्हणाला, खोलायला उद्याची संध्याकाळ होईल. मालक आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हात तर गेलाच की, अण्णा. यंत्र कामून घालवायचं?" आणि फडक्यातली करवत माझ्या हातात दिली.
मी करवत परत दिली नाही.
अमृतप्पा शुद्धीवर होता. तो करवतीकडं बघत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता, शेवटपर्यंत. जगदेवीला गुंडप्पानं तिच्या जागेवरून उठू दिलं नाही. अमृतप्पाला बाजूला ओढल्या ओढल्या गुंडप्पानं पट्टा चढवला. पुढं रुई आली. लाल.

२३ जानेवारी
जगदेवी आली होती. रडली नाही. आमच्यात माणूस मातीत ठेवतात, म्हणाली, तसा हातही विभूती लावून मातीतच जायला पाहिजे. कुठं हाय त्यो? मी गुंडप्पाला विचारलं. त्यानं मला काय ठाऊक म्हणून पाठ फिरवली. ती दाराशी बसूनच राहिली.

२ फेब्रुवारी
अमृतप्पा वाचला. मालकांनी दया दाखवून त्याला बसून करायचं काम दिलं: काटा धरून पट्टा सरकवायचं. माझ्याशी बोलत नाही. पलीकडं गाठी दाबायचा प्रेस चालला की त्याला दरदरून घाम फुटतो, आणि नसलेल्या बोटांच्या जागी तो हवा चोळत बसतो. शिरांमुळं बोटं असल्यासारखी वाटतात, म्हणून मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. "व्हय. शिरा," म्हणाला.

६ फेब्रुवारी
आज आपणहून बोलला! हात त्या यंत्राच्या खालीच आहे म्हणे, सरकी पडते तिथं मागच्या कोपऱ्यात. त्याला बोटातली अंगठी दिसली. एका हातानं वाकून काढता येत नाही. जगदेवीनं अन्न सोडलंय. दुपारी साफसफाईला यंत्र थांबेल तेव्हा तुम्ही हात घाला, पट्टा मी धरतो, म्हणाला.
त्यानं मला माफ केलं. किती हलकं वाटतंय.

तारीख ठाऊक नाही
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर —
पट्टा सरकला. कोपऱ्यात काही नव्हतं.
यंत्र खोला म्हणालो. मालक आले. तेच बोलले. तितक्याच गोड आवाजात.
करवत अमृतप्पानं मागून घेतली. मी नीट बघितलंय, जमतंय मला, म्हणाला. जगदेवीनं माझं डोकं मांडीवर धरलं. तोंड वळवू दिलं नाही.

पुढचा दिवस
अमृतप्पा खाटेशी बसून आंबील पाजतो. आईसारखं. आज त्यानं खरं सांगितलं. त्याचा हात खाली पडलाच नव्हता. रुईबरोबर गेला, प्रेसमध्ये. त्या दिवशीच कळलं होतं त्याला.
"तुमचीबी बोटं प्रेसमधी दाबली न्हाईत का?" विचारलं त्यानं.
दाबली. एकेक. मोजून.

ताप आहे
गाठी घेऊन लॉरी गेली. खडखडाट गेलेल्या हातात येतोय, इथं, खाटेवर. अंधार. रुई तोंडात नाही, बोटांत — गच्च.
जकातनाक्यावर कुणी गाठ उघडली नाही.

गाठीत माझा हात आहे, म्हणून ओरडून सांगितलं सगळ्यांना. सोलापूरला तार करा. मालक म्हणाले, तापात बडबडतोय —

गिरणीत गाठ सोडली. आत्ता. बोटांना वारा लागतोय. जवळ मोठं यंत्र आहे, त्याचाच वारा. कुणीतरी रुई ओढून त्यात घालतंय. ओंजळीनं.
बोटांत कुणाचं मनगट. ऊन ऊन. बांगड्या आहेत.
अमृतप्पा वाकून विचारायलाय, धरलं का?
मी नाही धरलं. मी सोडतोय. सोडतोय — बोटं माझी ऐकेनात — बाई, मागं हो, मागं, पट्टा —